गुटखाबंदीचा हिशोब

मंडळी, आज एक कोडं घालतो. अशी कुठली गोष्ट आहे जी फक्त एका वर्षासाठी केलेली आहे, पण २०१२ पासून चालूच आहे?

आमच्या धंद्यातले लोक लगेच ओरडतील, "टेम्पररी फिक्स!" अगदी बरोबर. फक्त मी ज्याच्याबद्दल बोलतोय तो फिक्स कुठल्या सॉफ्टवेअरमधला नाही. मी बोलतोय महाराष्ट्रातल्या गुटखाबंदीबद्दल. आपल्याकडे गुटख्यावर बंदी आहे हे सगळ्यांना माहीत असतं. गुटखा कुठे मिळतो हेही सगळ्यांना माहीत असतं. पण ही बंदी कायमची नाही, ती दरवर्षी एका वर्षासाठी नव्यानं घातली जाते, हे फार थोड्यांना माहीत असतं. मी आजोळकडून धाकट्या डहाणूचा, त्यामुळे गुजरातची हद्द आमच्यासाठी नकाशावरची रेघ नाही, रोजच्या येण्याजाण्यातली गोष्ट आहे. म्हणून हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळत होता. या शनिवार-रविवारी तो एकदाचा तारखेवार मांडून बघितला. जे दिसलं ते लिहितोय. लांबलचक झालंय, चहा घेऊन बसा.

पहिलं व्हर्जन : २००२

गुटखाबंदी २०१२ साली पहिल्यांदा आली असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाहीये. पहिली बंदी त्याच्या दहा वर्षं आधीची. गुटखा आणि पानमसाल्याची विक्री पाच वर्षांसाठी बंद करणारी अधिसूचना महाराष्ट्रात २३ जुलै २००२ ला निघाली आणि १ ऑगस्टपासून लागू झाली. आधार होता १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा. (गुटखा हा कायद्याच्या दृष्टीनं 'अन्न'! भाकरी, वरण, भात आणि गुटखा एकाच पंगतीत. असो.)

उत्पादक अर्थातच कोर्टात गेले. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलं. 'गोदावत पानमसाला विरुद्ध भारत सरकार' या नावानं ते प्रसिद्ध आहे. निकाल लागला २ ऑगस्ट २००४ ला. बंदी रद्द!

आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावर उभं आहे. गुटखा चांगला आहे असं काही कोर्टानं म्हटलं नाही. कोर्टाचा मुद्दा अधिकाराचा होता. राज्याच्या अन्न अधिकाऱ्याला या कायद्याखाली जे करता येतं ते स्थानिक आणि तातडीच्या परिस्थितीपुरतं. एखाद्या पदार्थावर धोरण म्हणून दीर्घकाळ बंदी घालायची तर तो अधिकार केंद्राचा. म्हणजे हेतू काय होता हा प्रश्नच नव्हता. सही करणाऱ्याला तेवढी परमिशनच नव्हती.

या दोन वर्षांच्या मध्येच २००३ साली केंद्राचा तंबाखू नियंत्रण कायदा आला, ज्याला सगळे 'कोटपा' म्हणतात. जाहिरातबंदी, सार्वजनिक जागी धूम्रपानबंदी, पाकिटावर इशारा, अठरा वर्षांखालच्या मुलांना विक्री नाही, शाळा-कॉलेजच्या शंभर वारांच्या आत विक्री नाही, असं सगळं त्यात आहे. तंबाखूवर सरसकट बंदी मात्र नाही. म्हणजे केंद्राकडे अधिकार होता पण त्यानं बंदी घातली नाही, आणि राज्यानं बंदी घातली पण त्याला अधिकार नव्हता.

दुसरं व्हर्जन : २०१२

२००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं जुन्या अन्नभेसळ कायद्याची जागा घेतली. तो प्रत्यक्षात लागू झाला ऑगस्ट २०११ मध्ये. त्याच्या नियमांत एक छोटंसं वाक्य होतं, क्रमांक २.३.४. कुठल्याही अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटीन घटक म्हणून वापरता येणार नाही, एवढंच. पण या एका वाक्यानं गुटखा अडकला, कारण तो 'अन्न' आहे हे आधीच ठरलेलं होतं. मध्य प्रदेशानं एप्रिल २०१२ मध्ये बंदी घातली, मग केरळ, मग बिहार. महाराष्ट्रानं जुलै २०१२ मध्ये. गुजरातनंही त्याच वर्षी सप्टेंबरात.

महाराष्ट्राचा आदेश ज्या कलमाखाली निघाला ते कलम ३०, पोटकलम २(अ). ते असं सांगतं की अन्न सुरक्षा आयुक्त सार्वजनिक आरोग्याच्या हितासाठी एखाद्या अन्नपदार्थाचं उत्पादन, साठवण, वाटप, विक्री बंद करू शकतात, पण जास्तीत जास्त एका वर्षासाठी.

एका वर्षासाठी! म्हणून मग पुढच्या जुलैच्या आसपास पुन्हा आदेश. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. २०१३ मध्ये त्यात सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीचीही भर पडली. आमच्याकडे सर्व्हरवर क्रॉन जॉब लावतात. ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम. तो चालतो, काम करतो, झोपतो. तो नुसता चालला म्हणून कोणी खूश होत नाही. त्यानं काय केलं, किती केलं, कुठे अडला, हे एका फाईलमध्ये लिहावं लागतं. लॉग नसलेला क्रॉन जॉब लावलात तर टीम लीड तुम्हाला जागेवर बसू देणार नाही. पण कलम ३० वाचून बघा. आदेशाला मुदत आहे. मुदत वाढवण्याआधी गेल्या वर्षीच्या बंदीनं काय साधलं हे लोकांपुढे ठेवा, अशी अट मात्र त्यात नाही.

आणि हा नुसता तात्त्विक मुद्दा नाही बरं का. हे वर्षाचं नूतनीकरण कोर्टात परत परत लटकतं. दिल्ली हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींनी सप्टेंबर २०२२ मध्ये दिल्लीचे वर्षानुवर्षांचे बंदी आदेश रद्द केले. तात्पुरता अधिकार असा कायमचा वापरता येणार नाही, हाच मुद्दा. तिथल्याच खंडपीठानं एप्रिल २०२३ मध्ये तो निकाल फिरवला. जानेवारी २०२३ मध्ये मद्रास हायकोर्टानं तमिळनाडूची बंदी उडवली, एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टानं त्याला स्थगिती दिली. २००४ चा बग अजून तिथेच आहे, फक्त त्याच्यावरून नवा पॅच मारलाय.

मोजता येत नाही असं म्हणू नका

आता तुम्ही म्हणाल, अरे बाबा, एवढं मोठं राज्य, लाखो टपऱ्या, कोण मोजत बसणार?

बरं, मग हे बघा. तंबाखू हा असा पदार्थ आहे की तो मोजण्यात सरकार तरबेज आहे. १९४३ साली, ऐन महायुद्धात, इंग्रज सरकारनं तंबाखूवर अबकारी कर बसवला आणि त्यासाठी शेतातल्या पानापासून गोदामापर्यंत नजर ठेवणारी यंत्रणा उभी केली. आणि २००८ चं उदाहरण तर खासच आहे. गुटखा आणि पानमसाल्याचे कारखाने खरं उत्पादन लपवतात म्हणून केंद्रानं नियम केला की माल मोजायचाच नाही, पुड्या भरणारी मशीनं मोजायची! कारखान्यात इतकी पॅकिंग मशीनं, पुडीची इतकी किंमत, म्हणजे महिन्याला इतकं उत्पादन धरलं जाईल आणि इतका कर भरावा लागेल. विषय संपला. इंजिनिअर म्हणून मला हा नियम फार आवडतो. चोर जिथे खोटं बोलतो ती जागा सोडून जिथे खोटं बोलता येत नाही तिथे मोजमाप लावलं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं पानमसाल्यावर नवा उपकर बसवला, तोही पुन्हा यंत्रांच्या क्षमतेवरच.

म्हणजे कर घ्यायचा असतो तेव्हा मशीन न् मशीन मोजलं जातं. बंदी राबवायची असते तेव्हा मोजणी कशाची होते? जप्तीची. अमुक कोटींचा माल पकडला, इतक्या जणांवर गुन्हे. विधानसभेत प्रश्न विचारला की हेच आकडे येतात.

आता जप्तीचा आकडा वाढला याचा अर्थ काय लावायचा? पोलिस जास्त काम करतायत? की माल जास्त येतोय? दोन्ही अर्थ निघतात. आकडा कमी झाला तरी तेच. चोरी थांबली, की पकडणारे थांबले? ज्या आकड्यातून दोन उलटे अर्थ निघतात त्या आकड्यावर आमच्याकडे कोणी रिलीज काढत नाही. इथे राज्याचं धोरण चालतं.

डहाणू-तलासरी : हद्दीवरून दिसणारं

हे सगळं मुंबईत बसून वाचलं तर कोरडं वाटतं. आमच्या भागातून बघा.

मुंबई-अहमदाबाद हायवे मनोर, चारोटी, तलासरी करत अच्छाडला महाराष्ट्र सोडतो. पलीकडे गुजरातचं भिलाड. उजव्या हाताला दादरा नगर हवेली, वर दमण. दारूच्या बाबतीत ही हद्द काय चीज आहे ते इकडच्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. गुटख्याच्या बाबतीतही तेच. पालघर जिल्ह्याच्या बातम्यांत तलासरी, कासा, मनोर ही नावं आणि 'टेम्पोसह गुटखा जप्त' हे शब्द जोडीनंच येतात.

पण बंदीला खरं भोक पडलं ते ट्रकमुळे नाही, पुडीमुळे. गुटखा म्हणजे काय? सुपारी, चुना, कात, सुगंध आणि तंबाखू. नियम म्हणतो अन्नात तंबाखू नको. ठीक आहे, तंबाखू वेगळ्या पुडीत घालू! एक पुडी पानमसाल्याची, तिच्या सोबत एक छोटी पुडी तंबाखूची. गिऱ्हाईक तळहातावर दोन्ही एकत्र करतं. शेवटची असेंब्ली युझरच्या हातात. कारखान्यात गुटखा बनलाच नाही. एप्रिल २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं राज्यांच्या आरोग्य सचिवांकडून बंदीच्या अंमलबजावणीबद्दल प्रतिज्ञापत्रं मागितली, त्यामागे हीच पळवाट होती.

मग कायदा आणखी कडक करायची मागणी येते. भारतीय दंडविधान गुटखा विकणाऱ्याला लावता येतं की फक्त अन्न सुरक्षा कायदाच, यावरून महाराष्ट्राला सुप्रीम कोर्टात जावं लागलं. सप्टेंबर २०१८ मध्ये कोर्टानं सांगितलं की दोन्ही लावता येतात. पुढे २०२५ मध्ये तर मकोका लावण्याची भाषा झाली. शिक्षा वाढत गेली, हिशोब तिथेच.

आणि शाळेचं काय? कोटपाचे नियम सांगतात की शंभर वार हे अंतर शाळेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून चहूबाजूंनी मोजायचं. शंभर वार म्हणजे ९१ मीटर. नुसत्या एका बिंदूभोवती असं वर्तुळ काढलं तरी ते सव्वीस हजार चौरस मीटरच्या वर जातं, साधारण साडेसहा एकर. धाकट्या डहाणूसारख्या गावात घरं एकमेकांना चिकटून, मध्ये जाळी आणि बोंबील वाळवायच्या वलांड्या. अशा गावात साडेसहा एकर म्हणजे एक अख्खा पाडाच आला. त्यात कुठल्याच दुकानात तंबाखूची पुडी मिळता कामा नये. हे कलम मोडलं तर २००३ च्या कायद्यात जास्तीत जास्त दंड दोनशे रुपये. २०१९ मध्ये केंद्रानं तंबाखूमुक्त शाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शंभर वारांवर पिवळी रेघ आखायची, फलक लावायचा, गुणपत्रक भरायचं. गुणपत्रक भरतं कोण? शाळाच. पेपर लिहिणारा आणि तपासणारा एकच!

मशेरी बंदीत बसतच नाही

गुटखा गुटखा करताना एक गोष्ट नेहमी राहून जाते. आमच्या किनाऱ्यावरच्या बायका गुटखा खात नाहीत. त्यांची मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुस्करायची आणि बोटानं दातांना लावायची. माझी आजी पहाटे मासळीची पाटी उचलण्याआधी लावायची, दुपारी सुकट पाखडताना लावायची, आणि रात्री बोट येईपर्यंत वाट बघताना लावायची. "दात साफ व्हतात नि भूक मरते," असं तिचं म्हणणं. त्यातला दुसरा भाग खरा होता आणि तोच जास्त वाईट होता.

सरकारनं मशेरीकडे अगदीच दुर्लक्ष केलं असंही नाही. १९९२ साली केंद्रानं टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरायला बंदी केली. तंबाखूचं मंजन बनवणारे कोर्टात गेले आणि १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती बंदी कायम ठेवली. पण ही बंदी मंजनाच्या डबीला. बाजारातून तंबाखू आणून घरच्या तव्यावर भाजली तर ते मंजनही नाही आणि अन्नही नाही. म्हणजे १९९२ ची बंदी तिला लागत नाही आणि २०१२ चीही लागत नाही. तंबाखूचं व्यसन कमी करणं हे जर धोरण असेल तर मशेरी लावणारी बाई त्याच्या हिशोबात यायला हवी. धोरण गुटखा जप्त करणं एवढंच असेल, तर तिचा संबंधच येत नाही.

पुरावा होता, विचारणारे नव्हते

यावर कोणी म्हणेल की आपल्याकडे पुरेसं संशोधनच नसेल. आहे. आणि ते महाराष्ट्राच्याच मातीतलं आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (हो, तीच अणुशास्त्रज्ञांची टीआयएफआर) दंतसंशोधनाचा एक छोटा विभाग होता. डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांत जाऊन तब्बल १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासली. कर्करोग, कर्करोगाआधीचे डाग, आणि कोण काय चघळतं, काय ओढतं याची नोंद केली. तो अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या टीममधले प्रकाश गुप्ता पुढची कित्येक दशकं हेच काम करत राहिले. २००४ मध्ये आरोग्य मंत्रालयानं भारतातल्या तंबाखू नियंत्रणावर जो मोठा अहवाल काढला, त्याच्या संपादकांत त्यांचं नाव आहे.

आता मार्च २०१५ ला या. पाकिटावरचा चित्रमय इशारा ८५ टक्के जागेवर छापायचा असा नियम १ एप्रिलपासून लागू होणार होता. संसदेच्या एका समितीनं तो थांबवायला सांगितलं. अध्यक्ष होते आपल्या अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी. तंबाखूनं कर्करोग होतो असं दाखवणारा भारतीय अभ्यास नाही, सगळे अभ्यास परदेशातले आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. समितीत अलाहाबादचे एक खासदार होते, त्यांचा स्वतःचा विडीचा धंदा. अहमदनगर ते पुणे अंतर साधारण १२० किलोमीटर. एक लाख एक हजार सातशे एकसष्ट मराठी तोंडांचा अभ्यास त्रेचाळीस वर्षांपूर्वी छापून आला होता.

त्याच दिवसांतल्या तारखा बघा. १६ फेब्रुवारी २०१५ ला आर. आर. पाटील गेले, तोंडाच्या कर्करोगानं. २०१२ मध्ये गुटखाबंदी आली तेव्हा राज्याचे गृहमंत्री आबाच होते. सरकारी तंबाखूविरोधी जाहिरातीतून देशभर ओळखल्या गेलेल्या सुनीता तोमर १ एप्रिल २०१५ ला टाटा हॉस्पिटलमध्ये गेल्या, म्हणजे मोठा इशारा ज्या दिवशी लागू व्हायचा होता त्याच दिवशी. तो इशारा अखेर बरोबर एका वर्षानं, १ एप्रिल २०१६ ला लागू झाला.

आणि सरकार स्वतः कुठे उभं आहे? २०१७ मध्ये मुंबई हायकोर्टात एक जनहित याचिका दाखल झाली. याचिकाकर्त्यांमध्ये माजी मंत्री सतीश पेडणेकर यांच्या पत्नी सुमित्रा पेडणेकर (पेडणेकरही २०११ मध्ये तोंडाच्या कर्करोगानंच गेले) आणि टाटा हॉस्पिटलचे डॉ. पंकज चतुर्वेदी होते. त्यांचा प्रश्न साधा होता. तंबाखू नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेलं सरकार एलआयसीसारख्या आपल्याच विमा कंपन्यांमधून सिगारेट कंपन्यांचे शेअर कसं काय बाळगतं? आयटीसीमध्ये एलआयसीचा वाटा तेव्हा सोळा टक्क्यांच्या घरात होता. माझ्या आजीची पॉलिसी एलआयसीची होती. म्हणजे आयुष्याचा विमा उतरवणारी कंपनी आयुष्य कमी करणाऱ्या धंद्यात भागीदार!

हिशोब मागता येतो, याचं उदाहरण घरातच आहे

आता मला जे सांगायचंय ते. हिशोब मागणं अशक्य आहे हे मला पटत नाही, कारण मी डहाणूकडचा आहे.

२० जून १९९१ ला केंद्रानं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. अधिसूचना निघाली, आणि इतर अधिसूचनांसारखी फाईलमध्ये गेली असती. पण लोक कोर्टात गेले. ३१ ऑक्टोबर १९९६ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की या अधिसूचनेची अंमलबजावणी बघायला स्वतंत्र प्राधिकरण नेमा. डिसेंबर १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं. अध्यक्ष न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी, ते जानेवारी २०१९ मध्ये जाईपर्यंत.

या प्राधिकरणानं काय केलं? डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राला धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवायला १९९९ मध्ये सांगितलं. कंपनी टाळाटाळ करत राहिली. प्राधिकरण विचारत राहिलं. २००५ मध्ये तीनशे कोटींची बँक हमी द्यायला लावली (कोर्टात ती पुढे कमी झाली). २००७ मध्ये यंत्रणा सुरू झाली. आठ वर्षं लागली, पण प्रश्न विचारणारं एक टेबल होतं, त्या टेबलासमोर चिकूवाला बागायतदार, मच्छीमार, आदिवासी कोणीही जाऊन उभं राहू शकत होता, आणि समोरच्याला लेखी उत्तर द्यावं लागत होतं.

सगळं गोड नाही. याच प्राधिकरणानं ३१ जुलै २०२३ ला वाढवण बंदराला अटींसह परवानगी दिली. धाकट्या डहाणूपासून वरोरपर्यंत मच्छीमार त्यावर संतापले, हायकोर्टात गेले आणि एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्या याचिका फेटाळल्या गेल्या. आमच्या घरात आजही त्यावर वाद होतात. पण एक फरक बघा. तो निर्णय कारणांसहित लेखी होता. तो कोणी दिला हे माहीत होतं. म्हणून त्याच्याशी भांडता आलं. गुटखाबंदीशी भांडताही येत नाही आणि तिची बाजूही घेता येत नाही, कारण तिनं काय केलं हे सांगायला कोणी बांधील नाही.

मग मागायचं काय?

बंदी उठवा असं मी अजिबात म्हणत नाहीये. तंबाखूविषयीच्या जागतिक सर्वेक्षणात महाराष्ट्रातले तंबाखू वापरणारे प्रौढ २००९-१० मध्ये ३१.४ टक्के होते, २०१६-१७ मध्ये २६.६ टक्के. बिनधुराची तंबाखू २७.६ वरून २४.४ वर आली. घट आहे, आनंद आहे. पण यातली किती बंदीमुळे, किती करामुळे, किती पाकिटावरच्या चित्रामुळे, हे राज्याच्या एका सरासरीतून कसं कळणार? दोन मोजण्यांमध्ये सात वर्षं गेली, त्या सात वर्षांत बंदीचे पाच आदेश निघाले. अच्छाडच्या नाक्यावर राहणारा आणि लातूरला राहणारा यांना एकच आकडा कसा लागू होईल?

म्हणून माझी मागणी छोटी आहे. दर वर्षी बंदीचा नवा आदेश काढताना त्याच्यासोबत चार पानांचा हिशोब जोडा, जिल्हावार. त्यात पाच गोष्टी असाव्यात.

एक, गेल्या वर्षी किती दुकानं तपासली. जप्ती नको, तपासणी सांगा. म्हणजे शंभर दुकानं बघितली तर कितीत माल सापडला हे प्रमाण कळेल, आणि जप्तीच्या आकड्यासारखे दोन उलटे अर्थ निघणार नाहीत.

दोन, दाखल झालेल्या खटल्यांपैकी किती निकाली लागले आणि किती जणांना शिक्षा झाली.

तीन, पकडलेला माल कुठल्या कारखान्यात बनला. पुडी भरणारं मशीन कर घेताना सापडतं, मग बंदी मोडल्यावर का सापडू नये?

चार, शाळांभोवतीचे शंभर वार शाळेनं नाही, बाहेरच्या कोणीतरी मोजले का.

पाच, जिल्ह्यात पंधरा वर्षांवरचे किती पुरुष आणि किती बायका तंबाखू घेतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जिल्ह्याचा आकडा असतो, नवीन यंत्रणा उभी करायची गरज नाही. मशेरीवाल्या बायका निदान इथे तरी हिशोबात येतील.

यातली बरीचशी माहिती माहिती अधिकारातही मागता येते. महाराष्ट्राचा माहिती अधिकार कायदा आणि कोटपा एकाच वर्षीचे, २००३ चे. केंद्राचा कायदा २००५ चा. अर्ज दहा रुपयांचा. त्या कायद्याचं कलम ४ तर असं म्हणतं की लोकांनी विचारण्याआधीच सरकारी कार्यालयांनी माहिती स्वतःहून जाहीर करावी. मी पालघर जिल्ह्यापुरते हेच पाच प्रश्न मराठीत टाईप करून ठेवलेत, उद्या पोस्टात टाकतोय. तुम्ही तुमच्या जिल्ह्याचं नाव घालून टाका.

डहाणू रोडहून २०१३ पासून चर्चगेटला लोकल जाते. पहाटेच्या गाडीत मासळीच्या पाट्या असतात, कामावर जाणारे असतात, आणि दादरला उतरून परळला टाटा हॉस्पिटल गाठणारे काही जण असतात, तोंडाला रुमाल लावून बसलेले. एक वर्षाची बंदी पुन्हा एक वर्षासाठी वाढली, ही बातमी त्यांच्या काय कामाची? गेल्या वर्षी त्या बंदीनं किती जणांना या गाडीत बसण्यापासून वाचवलं, एवढं तरी त्यांना कोणीतरी सांगायला हवं.

तूर्तास इतकंच. पोस्टातून उत्तर आलं की लिहितो.